पाण्यातली घडी

अकराव्या कापात ती पहिल्यांदा दिसते.

एमआरआय डाव्या गुडघ्याचा आहे. काप आडवे, मांडीकडून नडगीकडे उतरत जाणारे, प्रत्येक साडेतीन मिलिमीटरचा. काप नुसते म्हणायचे. सुरी नाही की रक्त नाही. पहिल्या दहा कापांत बघण्यासारखं फारसं घडत नाही. अकराव्यात चित्र जमून येतं. वरच्या अंगाला गुडघ्याची वाटी, टोक खाली करून ठेवलेल्या शिंगाड्यासारखी. तिच्याखाली मांडीच्या हाडाची पन्हळ. दोन्हींच्या कडांवर कूर्चेची राखाडी साय. मधल्या फटींत साचलेलं पाणी, पांढरंशुभ्र. आणि त्या पांढऱ्यात, आतल्या बाजूच्या भिंतीपासून निघालेली एक काळी रेघ. भिंतीशी रुंद, पुढे निमुळती, टोकाला किंचित वळलेली, वाटीखाली डोकवावं की नाही अशा विचारात पडल्यासारखी.

पस्तीस वर्षं मी लोकांचे गुडघे वाचले. हा माझा आहे.

आमच्या धंद्यात फिल्म बघत नाहीत, वाचतात; म्हणून हे त्या रेघेचं रसग्रहण. माझी शाळा हिंदी माध्यमाची. त्यामुळे ‘रसग्रहण’ हा शब्द मला आईच्या मासिकांतून कळला, आणि बरीच वर्षं मी त्याचा अर्थ काहीतरी पिण्याशी लावत होते. १९५६ साली नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं फायलींच्या मागोमाग इकडे आली. त्यांत आमचं एक. वडिलांना टी. टी. नगरात सरकारी क्वार्टर मिळालं. टी. टी. म्हणजे तात्या टोपे. पण आख्खं नाव उच्चारताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. त्या क्वार्टरची गोष्ट पुढे येणार आहे, गुडघ्याच्याच संदर्भात.

तर गुडघा. गेल्या हिवाळ्यात भारत भवनच्या ‘बहिरंग’मध्ये गाणं होतं. चार्ल्स कोरियांनी १९८२ साली उभी केलेली ही वास्तू श्यामला हिल्सच्या उतारावर अशी दडवलेली आहे, की रस्त्यावरून इमारत म्हणून काही दिसतच नाही. आपण छपरावर प्रवेश करतो आणि गच्च्या-गच्च्यांनी, अंगणा-अंगणांनी तलावाकडे उतरत जातो. डोळ्यांना सुख. गुडघ्यांना नाही. पायऱ्या चढताना दम लागतो, पण वाटीखालचा सांधा खरा कुरकुरतो तो उतरताना. त्यात बहिरंगच्या दगडी पायरीवर अडीच तास पाय दुमडून बसणं. भैरवीनंतर उठले आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला ‘टक्’ झालं. दुखणं थोडं, आवाज मोठा. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. पुढचे आठ दिवस जिना उतरताना दर पावलाला तेच. सिनेमा बघून उठलं की तेच. मग सूज. आई असती तर म्हणाली असती, “वंगण आटलं.”

वंगण आटलं नव्हतं, वाढलं होतं. आटलं असतं तर ही रेघ दिसलीच नसती. आख्खं रसग्रहण ज्यावर उभं आहे ती गोष्ट हीच.

गुडघा हा शरीरातला सगळ्यात मोठा सांधा, पण निरोगी गुडघ्यातलं वंगण चमचाभरही भरत नाही. चार मिलिलिटरच्या आतच असतं. सुश्रुतानं शारीरस्थानात त्याला गाडीच्या आसाला लावलेल्या तेलाची उपमा दिलीय, आणि तिच्यात आजही बदल करावासा वाटत नाही. युरोपात त्याला ‘सायनोव्हिया’ हे नाव दिलं ते पॅरासेल्ससनं, असं मानतात; त्याला ते अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं वाटलं. ज्यानं कधी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलंय त्याला हे पटेल. दोन बोटांत धरलं तर तार निघते. या रसाला जन्म देणारं जे पातळ अस्तर सांध्याला आतून असतं, त्याला काही ठिकाणी घड्या पडलेल्या असतात. लॅटिनमध्ये घडीला ‘प्लिका’. आम्ही डॉक्टर तिला इंग्रजी वळणानं प्लायका म्हणतो. ‘कॉम्प्लिकेटेड’ या शब्दातही हीच घडी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मराठीत पर्याय कमी नाहीत. घडी, चुणी, निरी, दुमड, मुरड. पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. घडी मुद्दाम घातलेली असते. चुणी नको असताना पडते. निरीला हात लागतो, सराव लागतो. मुरड कडेला घालतात, करंजीला. सांध्यातली ही गोष्ट यांतली नेमकी कुठली? मला वाटतं, ट्रंकेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या साडीला जी घडी पडते ती. घालणारा कोणी आठवत नाही, पण इस्त्री फिरवली तरी जात नाही.

जुनी पुस्तकं असं सांगत, की गर्भात गुडघ्याच्या तीन खोल्या असतात, मध्ये पडदे असतात, आणि पडदे विरून तिन्हींचं एक दालन होतं. जिथे पडदा पुरता विरला नाही तिथे घडी उरते. हे ऐकताना मला नेहमी आमचं क्वार्टर आठवायचं. वडिलांनी साहेबांच्या हातापाया पडून दोन खोल्यांमधली भिंत काढून घेतली होती, पण छताला तिची एक वीतभर पट्टी राहिली होती. दर दिवाळीला चुना काढताना ती लपवायचा प्रयत्न व्हायचा, आणि दर वर्षी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती पुन्हा दिसायची. इतकी चपखल उपमा हाताशी असताना १९९० साली ओगाता आणि उथॉफ या दोघांनी गर्भांचे गुडघे तपासून सांगितलं, की तीन खोल्यांची गोष्ट जमत नाही. आधी तिथे पोकळीच नसते, एक मऊ पेशीजाळ असतं. आठव्या आठवड्याच्या सुमारास त्यात बारीक बारीक पोकळ्या पडू लागतात, एकमेकींना मिळतात, आणि न विरलेल्या जाळ्याच्या घड्या होतात. भिंत पाडून दालन झालेलं नाही. आख्खा गठ्ठा पोखरून झालंय. माझी उपमा गेली. अजिंठ्याची लेणी तेवढी जवळ येतात: खांब उभारलेले नसतात, उरवलेले असतात.

घड्या चार. चौघींना सारखा वेळ द्यायची गरज नाही. बाहेरच्या बाजूची दुर्मीळ; मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिली असेल. वाटीच्या वरची उभ्या कापांत दिसते, मांडीच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेमागे, तिरप्या ताणलेल्या दोरीसारखी. कधीतरी ती पूर्ण पडदा होऊन बसते आणि वरची पिशवी खालच्या दालनापासून तोडते. मग वरच्या खोलीत पाणी आणि खाली कोरडं, असा विचित्र पूर येतो.

वाटीच्या खालची सगळ्यात जास्त वेळा सापडणारी आणि मला सगळ्यात डौलदार वाटणारी. मांडीच्या हाडाच्या दोन गोलव्यांमधल्या खोबणीच्या छतापासून ती निघते, पुढच्या क्रुशिएट लिगामेंटच्या पुढ्यातून, जवळजवळ त्याला समांतर, आणि वाटीखालच्या चरबीच्या गादीत शिरून वाटीच्या टोकाकडे वळते. या गादीला हॉफाचं नाव आहे. अल्बर्ट हॉफा या जर्मन शल्यविशारदानं १९०४ साली तिच्या दुखण्यावर लिहिलं. चरबी पांढरी दाखवणाऱ्या कापात ही घडी म्हणजे पांढऱ्या कागदावर एका दमात ओढलेली कमान. जुन्या शरीररचनाकारांनी तिला ‘लिगामेंटम म्युकोसम’ म्हटलं. ती लिगामेंट नाही आणि म्युकसशीही तिचा संबंध नाही. दोन शब्दांचं नाव आणि दोन्ही चुकीचे, हा मान दुसऱ्या कोणा अवयवाला मिळाला असेल असं वाटत नाही.

शिकाऊ असताना मी एकदा तिलाच क्रुशिएट लिगामेंट समजून बसले होते. खरं लिगामेंट तुटलेलं, त्याच्या जागेजवळ ही कमान शाबूत, आणि मी रिपोर्टात लिहिलं, ‘अखंड’. सरांनी फिल्म पुन्हा दिव्याला लावली, पेन्सिलचं टोक त्या रेघेवर ठेवलं आणि विचारलं, “ये रस्सी है कि धागा?” मी गप्प. नंतरच्या पस्तीस वर्षांत कुठलीही काळी रेघ दिसली की आधी हाच प्रश्न येतो.

आणि चौथी ती आतल्या बाजूची. माझ्या अकराव्या कापातली. ती आतल्या भिंतीवरून निघून तिरकी खाली उतरते आणि त्याच चरबीच्या गादीला मिळते. सगळा लौकिक आणि सगळी बदनामी हिची.

ती पहिल्यांदा उघडून न टाकलेल्या गुडघ्यात पाहण्याचं श्रेय जपान्यांना जातं, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. १९१८ साली तोक्योत केन्जी ताकागीनं मूत्राशयात बघायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्याला शोधायचा होता क्षय. क्षयानं गुडघा आखडला की माणसाला जमिनीवर बसता येत नसे, आणि जपानात जमिनीवर बसता न येणं म्हणजे जेवणातून, पाहुण्यांतून, समाजातून उठणं. ज्यांच्या घरी पंगत बसलेली आहे आणि आजोबा एकटे खुर्चीवर बसून ताट मांडीवर घेऊन जेवताहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाला गुडघ्यात इतक्या बारकाईनं डोकवावंसं वाटलं नसतं असं माझं आपलं मत. १९३९ साली इइनोनं मृतदेहांच्या गुडघ्यांत नळी घालून आतल्या बाजूच्या या पट्टीचं नीट वर्णन केलं. ताकागीचा शिष्य मासाकी वातानाबे यानं १९५७ साली दुर्बिणीतून दिसणाऱ्या गुडघ्याचा चित्रसंग्रह काढला. त्यातली चित्रं चित्रकारानं हातानं रंगवलेली होती. म्हणजे यंत्रानं पाहिलेलं दाखवायलाही कुंचला लागला. जपान्यांनी या घडीला ‘ताना’ म्हटलं. ताना म्हणजे फळी, भिंतीतली. आडवी, पुढे आलेली, काहीतरी ठेवायला असावी अशी. लॅटिनवाल्यांना कापड दिसलं, जपान्यांना लाकूड. सत्तरच्या दशकात साकाकिबारानं तिचे चार प्रकार केले: दोरीसारखी, अरुंद फळीसारखी, मांडीच्या हाडाच्या गोलव्यावर पसरणारी रुंद फळी, आणि भोक असलेली किंवा दुहेरी मुळाची. माझी दुसरी. मध्यमवर्गीय.

आता ती काळी का, याबद्दल. एमआरआयचं यंत्र मुळात हायड्रोजनचं ऐकतं. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यात शरीरातले हायड्रोजनचे कण सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली, स्वर लावतात. यंत्र त्यांना छेडतं, थोडं थांबतं, आणि मग ऐकतं. पाण्यातले कण मोकळे. त्यांचा स्वर लांबतो, म्हणून पाणी पांढरं. चरबीचा आवाज या प्रकारात मुद्दाम दाबलेला असतो, म्हणून हाडं, ज्यांच्या पोटात मज्जेची चरबी, ती काळपट. आणि घडी तंतूंची. तिच्यातले कण जखडलेले. ते बोलतात, पण यंत्र कान लावेपर्यंत गप्प होऊन जातात. पन्नास हजारांचं नाही, कोट्यवधींचं यंत्र, आणि त्याला या बाईचा एक शब्द ऐकू येत नाही. तिच्या भोवतीचे सगळे बोलत असतात म्हणून मधली शांतता दिसते.

यासाठी पाणी हवं. कोरड्या गुडघ्यात हीच घडी भिंतीला चिकटून बसते, काळ्यात काळी. विच्छेदनाच्या टेबलावरही तेच. फॉर्मॅलिननं ताठरलेल्या गुडघ्यात ती अस्तराला चिकटलेली असते, आणि गांधी मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षात आम्ही सहा जणांनी मिळून एक आख्खा गुडघा उलगडला तेव्हा आमच्या हाताला तीनच घड्या लागल्या होत्या. ही आतली आम्ही बहुधा स्कालपेलनंच उडवली. साधा एक्स-रे तर तिला ओळखतच नाही. एमआरआय यायच्या आधी गुडघ्यात हवा आणि डाय भरून फोटो काढत. हवा आणि डाय यांच्या मधल्या बारीक कडेत ती उमटे. दुर्बीण घालणारा सर्जनही आधी सलाइननं सांधा फुगवतो, तेव्हा ती फुलते आणि पाणवनस्पतीसारखी हलते. प्रत्येक काळात, प्रत्येक यंत्राला, तिला बघायला आधी सांध्यात काहीतरी भरावं लागलेलं आहे. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ ही आपल्याकडे तक्रार. वाचणाऱ्याला ती मेजवानी.

भोपाळकराला हे लवकर कळतं, कारण इथे पाण्याची पातळी हा घरोघरचा विषय आहे. बडा तालाब १६६६.८० फुटांवर भरला की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात, आणि पावसाळ्यात हा आकडा इथल्या पानवाल्यालाही दशांशासकट पाठ असतो. संध्याकाळी, तलाव भरलेला असताना, मावळतीचा उजेड पाण्यावर पडतो तेव्हा तकिया बेट काळंभोर दिसतं. बेटावर झाडं आहेत, दर्गा आहे, हिरवं-पांढरं बरंच काही आहे; त्या उजेडात त्यातलं काही दिसत नाही. फक्त कड. पण कड अशी लख्ख, की दुपारच्या सगळ्या तपशिलापेक्षा तीच लक्षात राहते. माझा अकरावा काप हा त्या घटकेचा आहे.

इथवर कौतुक. आता भांडण.

फिल्म बघून आमचा ओळखीचा हाडांचा डॉक्टर, वयानं मुलासारखा, हुशार, खूश झाला. “मॅडम, मीडियल प्लायका है. साफ दिख रही है. दूरबीन से निकाल दें? पंद्रह मिनट का काम है.” मी विचारलं, “बेटा, दिख रही है, ये तो ठीक. कर क्या रही है?”

तो हसला. पण प्रश्न खरा आहे. ही घडी कितीतरी निरोगी गुडघ्यांत असते. किती, याचे आकडे अभ्यासागणिक इतके बदलतात की ज्याला जो हवा तो उचलावा. ज्याला कधी दुखलं नाही त्याच्यातही ती असते. दुखऱ्या गुडघ्यात ती दिसली म्हणून दुखणं तिचंच, हे म्हणणं म्हणजे चोरी झाली त्या रात्री गल्लीत जो दिसला तो चोर. तिला दोष द्यायचा तर पुरावे वेगळे लागतात. ती जाड झालीय का, कड गोल आणि बोथट झालीय का. सारखी घासली गेली की या लवचीक अस्तरात तंतू वाढतात, ते ताठ होतं, आणि मग वाकताना ते मांडीच्या हाडावरून सरकत नाही, ओढलं जातं. तिच्या खालच्या कूर्चेवर ओरखडा आहे का. आसपासच्या अस्तराला सूज आहे का. आणि मुख्य म्हणजे, बोट ठेवल्यावर माणूस जिथे ‘हां, इथेच’ म्हणतो ती जागा आणि ही जागा एक आहे का. शेवटचा पुरावा कुठल्याही फिल्मवर नसतो.

मी माझा काप पुन्हा वाचला. रेघ बारीक. टोक निमुळतं, शाबूत. खालची कूर्चा गुळगुळीत, साय न मोडलेली. मात्र वाटीच्या कूर्चेवर, घडीपासून दूर, बाहेरच्या उतारावर एक धूसर डाग. सदुसष्ट वर्षांच्या, पायऱ्यांच्या गावात राहणाऱ्या बाईच्या वाटीवर असतो तसा. दुखणं बहुधा त्याचं. पाणीही त्याचंच. घडी बिचारी त्या पाण्यामुळे उघडी पडली इतकंच. ‘टक्’ कदाचित तिचा असेल. आवाज करणं हा गुन्हा नाही; तसं असतं तर आमच्या अर्ध्या नातेवाइकांना दुर्बिणीतून काढावं लागलं असतं.

कवितेच्या रसग्रहणातही हा रोग आहे असं आईची मासिकं वाचताना वाटायचं. एक प्रतिमा दिसली की सगळ्या कवितेचा भार तिच्यावर. बिचारा चंद्र आला म्हणजे विरहच.

भीमबेटकाची गुंफाचित्रं मला या बाबतीत शहाणी वाटतात. भोपाळच्या दक्षिणेला ४५ किलोमीटरवरचे ते शैलाश्रय १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांना आगगाडीच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांमुळे सापडले, ही गोष्ट इथल्या मराठी घरांत जरा अभिमानानंच सांगतात. वाकणकर नीमचचे, आपले. २००३ साली हे शैलाश्रय जागतिक वारसा यादीत गेले. मध्य भारतातल्या अशा शैलाश्रयांत काही प्राण्यांची चित्रं आहेत ज्यांना अभ्यासक ‘एक्स-रे शैली’ म्हणतात. जनावर बाहेरून काढलेलं, पण पोट पारदर्शक: आत आतडी, कधी गर्भ. एक्स-रे काय, चुंबक काय, काहीच नसताना. त्या माणसानं जनावर कापलेलं होतं, आत काय असतं ते त्याला ठाऊक होतं, आणि त्यातलं जेवढं त्याला महत्त्वाचं वाटलं तेवढंच त्यानं काढलं. गर्भ काढला, मूत्रपिंड सोडून दिलं. आमच्या रिपोर्टांत दिसलेलं सगळंच उतरतं, सगळं एकाच ठशात, आणि शेवटी पेशंट त्यातला सगळ्यात लांब शब्द घेऊन घाबरत घरी जातो. ‘मीडियोपॅटेलर प्लायका’ ऐकून एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, हे पसरतं का.

दिसलेल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ न चिकटवण्याचं मी ज्या पिढीची आहे तिला आणखी एक कारण आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूची गळती झाली तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर होते. त्यानंतरचे कित्येक महिने आम्ही छातीचे एक्स-रे वाचले, गठ्ठ्यांनी. त्या फिल्मांत पांढरं दिसणं चांगलं नव्हतं. माणसं दाराबाहेर बसलेली असत, आणि प्रत्येक छायेचा काहीतरी अर्थ होता, बहुतेक वेळा वाईट. पुढे एमआरआय आला आणि माझ्याकडे गुडघे येऊ लागले तेव्हा मला ते विसाव्यासारखे वाटले. पांढरं म्हणजे नुसतं पाणी. काळी रेघ म्हणजे कदाचित नुसती रेघ. अर्थ नसलेली एखादी गोष्ट फिल्मवर असू शकते, नुसती देखणी असू शकते, हे मी गुडघ्याकडून शिकले.

एक उणीव मात्र कबूल करायला हवी. एमआरआय नाचणाऱ्याचं उभं छायाचित्र काढतो. वीस-पंचवीस मिनिटं खटखटाटात निश्चल पडायचं, गुडघा जरासा वाकवून, पाळण्यासारख्या कॉइलमध्ये. घडीचं सगळं नाट्य तर हालचालीत. म्हणून एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले, आता तिचं स्वतःचं सोनोग्राफीचं यंत्र आहे. तिनं वाटीच्या आतल्या कडेला जेली लावून प्रोब टेकवला. “मॅडम, हळूहळू वाकवा.” पडद्यावर ती दिसली, या वेळी पांढऱ्यावर काळी नाही, काळ्या पाण्यात करडी. तीस अंशांच्या आसपास ती ताणली गेली, मांडीच्या हाडाच्या गोलव्यावर चढली, क्षणभर अडखळली, आणि पलीकडे घसरली. टक्. आवाज खोलीत आणि सरकणं पडद्यावर, दोन्ही एकाच वेळी. “दुखलं?” तिनं विचारलं. नाही. पुन्हा वाकवलं. पुन्हा तेच, पदर खांद्यावरून घसरावा तसं. आम्ही दोघींनी ते सातआठ वेळा केलं. बाहेर पेशंट खोळंबले होते.

हाडांच्या डॉक्टरला फोन केला. “रहने दो. मांडीचे व्यायाम बताओ.” त्याला आता माझं मराठी सवयीचं झालंय. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की वाटी नीट चालते. पाय ताठ करून दहा मोजायचे, दिवसातून तीनदा, कंटाळवाणं आणि उपयोगी. बहिरंगला आता कडेची जागा धरते आणि डावा पाय पुढे लांब सोडून बसते, गाणाऱ्याच्या दिशेनं तळवा होणार नाही इतपत तिरका.

रिपोर्ट मी स्वतः लिहिला नाही. तसं करू नये. पण ज्यानं लिहिला त्यानं तिला एक ओळ दिलीय, निष्कर्षात नाही, मधल्या वर्णनात: आतल्या बाजूची घडी दिसते, पातळ. मला त्यातला ‘दिसते’ फार आवडला.

रात्री कधीकधी लॅपटॉपवर तो संच पुन्हा उघडते. अकराव्यात ती निघते. बाराव्यात लांबते, तेराव्यात तिचं टोक वाटीच्या कडेशी येऊन थांबतं. चौदाव्यात पाणी सगळ्यात रुंद आणि ती सगळ्यात एकटी. पंधराव्यात भिंतीकडे सरकते. सोळाव्यात पाणी संपत आलेलं, फक्त मुळाशी एक काळा ठिपका. सतराव्या कापात चरबीची गादी आहे, आणि ती नाही.